जुन्या मोटारीच्या मॅनिफोल्डला टिकाऊ कोटिंग कसे द्यावे?

मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून संपली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती धंद्यावर चालविणे बंद झाले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिनीवर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईतील कित्येक मिस्त्री, वेल्डर, रंगारी, खरादवाले आणि सुट्या भागांचे व्यापारी यांचे चुलाण पेटत असे. ते रोजचे काम गेले. उरले आहे ते हौशी मालकांचे काम. अशी गाडी वर्षाकाठी फार धावत नाही, पण तिचा मालक बॉनेट उघडून आत पाहतो, पाहुण्यांना दाखवितो आणि चांगल्या कामाचे चांगले पैसेही देतो.

सरकारनेही जुन्या गाडीला आता वेगळी ओळख दिली आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, फेरनोंदणीची ५,००० रुपये. या गाडीचा धंद्यासाठी वापर करता येत नाही, आणि चासी, बॉडी व इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. म्हणूनच मालक जुना सुटा भाग फेकून नवा बसविण्यापेक्षा जुनाच दुरुस्त करून घेतो. त्यात एका भागाची तक्रार हमखास येते. तो भाग म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड.

“मिस्त्री, मागच्या दिवाळीत रंग दिला होता. पावसाळा झाला नाही तोच पुन्हा लाल!” हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा गॅरेजवाला विरळाच. मिस्त्री रंगाच्या डब्याला दोष देतो, दुकानदार मिस्त्रीच्या हाताला दोष देतो आणि मालक पुढच्या वेळी दुसरे गॅरेज शोधतो. प्रस्तुत लेखात या कामाचा नीट विचार करावयाचा आहे. बहुतेक वेळा दोष डब्याचा नसतो, रंगाखाली राहिलेल्या तेलाचा आणि चुकीच्या निवडीचा असतो, हे पुढील मजकुरावरून ध्यानात येईल.

गंज चालताना कमी, उभे राहून जास्त

जुन्या गाडीचा मॅनिफोल्ड बीडाचा असतो. बीडात तीन टक्क्यांहून अधिक कार्बन असतो आणि त्यातील बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने धातूत पसरलेला असतो. या पापुद्र्यांच्या कडेने तेल, पाणी, आम्ल आत मुरते. वरून धुतलेला बीडाचा तुकडा स्वच्छ दिसला तरी तापविल्यावर तेल सोडू लागतो तो याच कारणाने.

इंजिन जोरात चालले की मॅनिफोल्ड चारशे ते सहाशे अंश सेल्सियसपर्यंत तापतो. घाट चढताना तो अंधारात मंद लाल दिसू लागला तर पाचशेच्या वर गेला असे समजावे. चेरीसारखा लाल दिसला तर सातशेच्या आसपास पोहोचला. इतक्या उष्णतेत लोखंडावर काळी खपली धरते. मग गाडी थांबते, धातू थंड होतो आणि हवेतील ओलावा त्यावर बसतो. नवी मुंबईत एका बाजूला ठाण्याची खाडी आहे, हवेत मीठ आहे आणि जून ते सप्टेंबर चार महिने हवा ओलीचिंब असते. वाशी, नेरूळ, बेलापूरच्या इमारतीखाली कापड घालून उभी ठेवलेली गाडी या चार महिन्यांत जेवढी गंजते तेवढी वर्षभर चालवून गंजत नाही.

आतूनही हाच प्रकार होतो. एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. ते वाफ होऊन बाहेर पडते. पण मालकाने गाडी पाच मिनिटे नुसती चालू करून बंद केली, तर मॅनिफोल्ड आणि सायलेन्सर पुरते तापत नाहीत आणि ते पाणी आतच थिजते. ‘बॅटरी उतरू नये म्हणून रोज पाच मिनिटे चालू ठेवतो’ असे अभिमानाने सांगणारा मालक आपल्या हाताने सायलेन्सर खात असतो.

तिसरी गोष्ट फुगण्या-आकसण्याची. बीडाचा तुकडा दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे एक लाखांशापेक्षा किंचित अधिक वाढतो. चाळीस सेंटिमीटरचा मॅनिफोल्ड ३० अंशावरून ५३० अंशांवर गेला की सुमारे सव्वादोन मिलिमीटर लांब होतो आणि थंड झाला की परत येतो. त्यावरचा थर प्रत्येक वेळी तितकाच ताणला आणि दाबला जातो. साधा रंग हे सोसत नाही. जाड रंग तर मुळीच नाही.

काय लावू नये

कल्हईवाला हे आपल्यातील जुने कोटिंगचे उस्ताद. त्यांच्या कथिलाने मॅनिफोल्डचे भागणार नाही, कारण कथील २३२ अंशालाच वितळते. पण त्यांची रीत मात्र घेण्यासारखी आहे. भांडे राखेने, वाळूने घासून उजळ केल्याशिवाय आणि नवसागराने स्वच्छ केल्याशिवाय कल्हईवाला कथलाला हात लावत नाही. आमचा रंगारी मात्र वायर ब्रश दोनदा फिरवून गन हातात घेतो.

जस्ताचेही तेच. गॅल्व्हनाइझ केलेला भाग गंजत नाही म्हणून कोणी मॅनिफोल्ड जस्तात बुडवून आणतो. जस्त ४१९ अंशाला वितळते, आणि जस्त चढलेल्या भागावर वेल्डिंग केले की त्याच्या धुराने कारागिराला थंडी-ताप येतो. पावडर कोटिंग दिसायला सुंदर आणि टीटीसीत सहज मिळणारे काम, पण ते भट्टीत १८० ते २०० अंशाला पिकते. मॅनिफोल्डवर ते पहिल्याच फेरीत करपते. क्रोम उष्णतेने निळे-पिवळे पडते आणि बीडाच्या छिद्रांत प्लेटिंगचे आम्ल राहून काही महिन्यांनी डाग बाहेर येतात. याच कारणासाठी गंज काढायला तेजाबात बुडविण्याचा मोह टाळावा. गंज बदलणारी जी रसायने बाजारात मिळतात ती चासीला, पत्र्याला ठीक आहेत, पण मॅनिफोल्डच्या उष्णतेत त्यांचा थर सुटतो आणि वरचा रंग घेऊन जातो. रेड ऑक्साइड प्रायमरचेही तसेच. जस्ताचा जो अजैविक प्रायमर कारखान्यांत वापरतात तो सुमारे चारशे अंशांपर्यंतच कामाचा.

मॅनिफोल्डला कापडी उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याची फॅशनही आली आहे. ती पट्टी पावसाचा ओलावा धरून ठेवते आणि बीडाला नेहमीपेक्षा अधिक तापविते. जुन्या बीडाला तडा पाडण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

कोटिंगच्या आधीचे काम

खरे काम येथे आहे, आणि पैसेही येथेच आहेत.

मॅनिफोल्ड उतरविताना गंजलेले स्टड तुटतात. घाई न करता आदल्या दिवशी भेदक तेल सोडावे, नट तापवून सोडवावा. जुने गॅस्केट खरवडताना सावध राहावे. त्या काळच्या गॅस्केटमध्ये आणि पट्ट्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ते ओले करून काढावे, ग्राइंडर लावून धूळ उडवू नये आणि कचरा पिशवीत बांधून वेगळा ठेवावा. आतल्या काजळीचीही हीच काळजी घ्यावी. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० सालापर्यंत विकले जात होते. त्याआधी वर्षानुवर्षे चाललेल्या गाडीच्या मॅनिफोल्डमध्ये शिशाची पुटे असतात. ती फुंकर मारून साफ करणाऱ्याच्या छातीत जातात.

पुढे तडा तपासावा. मॅनिफोल्ड तारेने टांगून लहान हातोडीने हलके वाजवावा. घंटेसारखा आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा असण्याचा संभव असतो. नंतर धुऊन वाळवून घासलेट लावावे, पाव तासाने पुसून खडूची पूड फासावी. तडा असेल तेथे घासलेट झिरपून रेघ उमटते. विलिस जीपमध्ये आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात. दोन्ही एकदम तपासावेत, आणि बसविताना तो जोड आधीच घट्ट आवळून मग इंजिनावर ओढून बसवू नये, नाहीतर कान तुटतो. तड्याची दुरुस्ती झाली की मगच फेसिंग करावे. जुना बीड वर्षानुवर्षांच्या उष्णतेने फुगतो आणि वाकतो. इंजिनावर बसणारी तोंडे एका पातळीत नसतील तर तेथून गॅस फुटतो आणि ज्वाळा कोटिंगला बाजूने जाळते. आधी कोटिंग आणि मग फेसिंग असा उलटा क्रम करणाऱ्याला दोन्ही कामे पुन्हा करावी लागतात.

मग तेल काढणे. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात किंवा डीग्रीझरमध्ये धुवावे, आणि नंतर भट्टीत सुमारे ३०० अंशाला दीड-दोन तास ठेवावे. मुरलेले तेल धूर होऊन निघते. धूर थांबेपर्यंत काम झाले असे मानू नये. ही भट्टी खाण्याच्या पदार्थांची कदापि नसावी. ओळखीच्या बेकरीवाल्याच्या भट्टीत रात्री मॅनिफोल्ड ठेवून देण्याची कल्पना कोणाला सुचली असेल तर ती सोडून द्यावी. सकाळी त्याच भट्टीत पाव भाजला जाणार असतो.

तेल जळाल्यावर ब्लास्टिंग. तेल असताना ब्लास्टिंग केले तर तेच तेल दाण्यांबरोबर पृष्ठभागात ठोकले जाते. धातू सगळीकडे एकसारखा राखाडी दिसला पाहिजे. कारखान्यांच्या भाषेत याला ‘एसए अडीच’ म्हणतात, आणि ब्लास्टिंगवाल्याला एवढे दोन शब्द सांगितले की गिऱ्हाईक जाणकार आहे हे तो ओळखतो. दाणे धारदार हवेत : ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा स्टीलचे ग्रिट. काचेच्या गोल मण्यांनी भाग चकचकीत होतो, पण थराला धरायला खडबडीतपणा राहत नाही.

आणि नदीची वाळू नको. वाळूच्या बारीक धुळीने सिलिकोसिस होतो. फुप्फुसे दगडासारखी होत जातात आणि त्यावर इलाज नाही. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी ओतीव भागांच्या ब्लास्टिंगमध्ये वाळू वापरण्यास मनाई केली. आपल्या फॅक्टरी कायद्यातही सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत होता. तरीही शेडच्या मागे तोंडाला रुमाल बांधून वाळू मारणारी पोरे दिसतात. रुमालाने ही धूळ अडत नाही. काम स्वस्त पडते म्हणून अशा ठिकाणी माल देणारा गॅरेजवालाही त्या पोराच्या आजाराला जबाबदार आहे, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

ब्लास्टिंगनंतर भागाला उघड्या हाताने शिवू नये. घामातले मीठ पुरेसे असते. चार तासांच्या आत पहिला थर गेला पाहिजे. पावसाळ्यात तर तासाभरातच, नाहीतर डोळ्यांदेखत पिवळी झाक येते. हवेतील दव ज्या तापमानाला धरते त्यापेक्षा धातू किमान तीन अंश गरम असावा हा कारखान्यांतील नियम आहे. आपण भाग साठ-सत्तर अंशांपर्यंत शेकून घ्यावा म्हणजे मोजमापाची यातायात नको.

तीन मार्ग

पहिला मार्ग सिलिकॉन ॲल्युमिनियम रंगाचा. सर्वात स्वस्त आणि नीट केला तर वाटतो त्यापेक्षा चांगला. भारतीय मानक १३१८३ मध्ये उष्णतारोधक ॲल्युमिनियम रंगाचे तीन दर्जे आहेत : पहिला ६०० अंशांपर्यंत, दुसरा ४०० आणि तिसरा २०० पर्यंत. दुकानात ‘हीट प्रूफ सिल्व्हर’ मागितले तर यांपैकी काहीही हाती पडू शकते. डब्यावर पहिला दर्जा किंवा ६०० अंश असे वाचूनच घ्यावे. पुष्कळशा तक्रारींचे मूळ हे आहे की मॅनिफोल्डला सायलेन्सर पाइपाचा रंग लागलेला असतो.

हा रंग खाली प्रायमर न देता थेट ब्लास्ट केलेल्या धातूवर, वाळल्यावर वीस-पंचवीस मायक्रॉन राहील इतका पातळ मारावा. वीस-पंचवीस मायक्रॉन म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाच्याही निम्म्याहून कमी. असे दोन हात पुरेत. आमच्या रंगाऱ्यांना भरपूर रंग दिला म्हणजे इमानदारी असे वाटते. येथे जाड हात म्हणजे फोड. पहिल्यांदा तापताना रंगातील राळ जळते आणि ॲल्युमिनियमचे पापुद्रे लोखंडाला चिकटून राहतात. हे हळूहळू घडले पाहिजे. सर्वसाधारणपणे १२० अंश अर्धा तास, थंड, मग २०० अंश अर्धा तास, थंड, मग ३१५ अंश अर्धा तास. डब्यावर वेगळे लिहिले असेल तर डब्याचे ऐकावे. भट्टी नसेल तर इंजिनावर बसवून दहा मिनिटे मंद चालवून पूर्ण थंड होऊ द्यावे, मग वीस मिनिटे, मग अर्धा तास. यावेळी धूर निघतो तो उघड्यावर निघू द्यावा. रंग मारून गाडी त्याच संध्याकाळी मालकाच्या हाती दिली आणि तो थेट घाटात गेला, तर तो रंग गेलाच.

दुसरा मार्ग काचेच्या मुलाम्याचा. पूर्वी घरोघरी तामचिनीच्या ताटल्या, मग असत, तीच ही विद्या. काचेची भुकटी पाण्यात कालवून भागावर चढवायची आणि आठशे अंशांच्या आसपास भट्टीत वितळवायची. जग्वारच्या एक्सके आणि ई-टाइप गाड्यांना कारखान्यातूनच असे काळे चकचकीत मॅनिफोल्ड येत. अशी गाडी हाती आली तर मालकाला दुसरे काही पटणारच नाही. हा मुलामा गंजत नाही, रंग बदलत नाही, फडक्याने पुसता येतो. पण बीडावर तो चढविणे हे ताटलीवर चढविण्याइतके सोपे नाही. तापताना बीडातील कार्बनचा वायू होतो आणि काचेत फोड येतात. म्हणून आधी बीड तापवून वायू काढून, पुन्हा ब्लास्ट करून, मग काच चढवावी लागते. एवढ्या उष्णतेत मॅनिफोल्ड वाकू शकतो, म्हणून फेसिंगला थोडी जागा ठेवून शेवटचा हात भट्टीनंतर मारावा लागतो. पुढे त्यावर वेल्डिंग होत नाही. पाना निसटून आदळला की टवका उडतो. नटाखालच्या जागेवर काच ठेवली तर आवळताना ती तडकते, म्हणून ती जागा आधीच झाकावी. पत्र्याचे एनॅमल करणारा कोणी ‘होऊन जाईल’ म्हणाला तरी आधी भंगारातला एक मॅनिफोल्ड देऊन नमुना करून घ्यावा. मालकाचा एकुलता एक भाग नमुन्यासाठी नसतो.

तिसरा मार्ग ॲल्युमिनियमच्या फवाऱ्याचा, ज्याला मेटलायझिंग म्हणतात. १९१० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये मॅक्स उलरिख शूप यांनी ही युक्ती काढली. ॲल्युमिनियमची तार ज्योतीत किंवा विजेच्या ठिणगीत वितळवून दाबाच्या हवेने भागावर फवारतात. दीडशे ते दोनशे मायक्रॉनचा थर बसतो. पूल, टाक्या, जहाजे, कारखान्यांच्या चिमण्या यांवर हे काम होते. ॲल्युमिनियम स्वतः ६६० अंशाला वितळते, मग ते मॅनिफोल्डवर कसे टिकते, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर असे की उष्णतेने ॲल्युमिनियम हळूहळू खालच्या लोखंडात मुरते आणि दोघांचा मिळून असा मिश्रधातू होतो की त्याला वितळवायला हजार अंशांहून कितीतरी जास्त उष्णता लागते. रंग उष्णतेने मरत जातो, हा थर उष्णतेने पक्का होत जातो. ओरखडा पडला तरी आजूबाजूचे ॲल्युमिनियम लोखंडाच्या आधी झिजते. या थरात बारीक छिद्रे असतात. ती बुजविण्यासाठी वरून सिलिकॉन ॲल्युमिनियम रंगाचा एक पातळ हात द्यावा आणि वर सांगितल्याप्रमाणे शेकावा.

दिसायला तो मंद राखाडी असतो, चमकत नाही. जुन्या फियाटवर आणि ॲम्बेसेडरवर तो शोभतो, कारण नवा ओतीव बीड असाच दिसतो. खाडीकाठच्या आमच्या हवेत आणि उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी या लेखकाची पसंती यालाच आहे. आयात होणारी सिरॅमिक कोटिंगही आहेत. त्यांतील काही भट्टीविना सुकतात आणि नऊशे अंशांपुढे टिकतात असे निर्माते सांगतात. काम चांगले होते, पण महाग डबा तेलकट बीडावर मारला तर तोही स्वस्त डब्याइतक्याच लवकर सुटतो.

टीटीसीत काम देताना

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी औद्योगिक वसाहतीत, दिघा-रबाळ्यापासून महापे, पावणे, तुर्भ्यापर्यंत, गॅरेजवाल्याला लागणारी पुष्कळशी कामे एकाच पट्ट्यात होऊ शकतात. अडचण अशी की मोठ्या मालावर चालणाऱ्या शेडला एकट्या मॅनिफोल्डसाठी मशीन लावणे परवडत नाही. तो एकतर ‘नाही’ म्हणतो किंवा पाइपांच्या ढिगात तुमचाही भाग टाकून देतो. म्हणून चार-पाच गॅरेजवाल्यांनी भाग साठवून एकदम द्यावेत. देण्यापूर्वी प्रत्येक भागाचे सर्व बाजूंनी फोटो काढावेत, तारेने पत्र्याचा बिल्ला बांधावा, इंजिनावर बसणारी तोंडे आणि आट्यांची भोके झाकून द्यावीत आणि चलनावर काय करायचे ते लिहावे : तेल जाळणे, कोणते ग्रिट, कोणती तार, किती मायक्रॉन. भागावर ओतलेले नंबर जाड थराखाली झाकले जाऊ नयेत. व्हिंटेज गाडीच्या मालकाला ते अक्षर-आकडे कोटिंगपेक्षा प्रिय असतात.

हिशेब कसा मांडावा? समजा नेरूळच्या एका मालकाची १९६८ ची फियाट आली. नुसते ‘मॅनिफोल्ड रंगविणे’ असा एक आकडा सांगितला की मालक तो शेजारच्या गॅरेजच्या आकड्याशी ताडून पाहणार आणि तुम्ही महाग ठरणार. त्याऐवजी उतरविणे व तडा तपासणे, स्टड, फेसिंग, तेल जाळणे व ब्लास्टिंग, कोटिंग, बसविणे आणि पुन्हा आवळणे असे वेगवेगळे लिहावे. शेजारी यातले काय करीत नाही ते मालकाला आपोआप दिसते. ‘लाइफटाइम गॅरंटी’ लिहू नये. आपल्या हातात नसलेल्या गोष्टीची हमी देणे हा व्यवहार सरळ नव्हे. अमुक प्रक्रिया केली, अमुक मुदतीत पापुद्रा सुटल्यास मजुरी न घेता पुन्हा करू, असे लिहावे.

मुदतीत पापुद्रा सुटलाच तर तो कोठे सुटला ते पाहावे. सगळीकडे सुटला असेल तर तयारीत चूक, म्हणजे आपली. एकाच सिलिंडरच्या तोंडाशी जळाला असेल तर गॅस्केट फुटले आहे. सगळ्या तोंडांशी जळून पांढरा पडला असेल तर इग्निशन मागे आहे किंवा कार्बुरेटर पेट्रोल कमी देत आहे. दोन्हींमुळे एक्झॉस्ट जास्त तापतो. म्हणून कोटिंगच्या कामाबरोबर टायमिंग आणि मिश्रण तपासून देणे हे आपल्याच फायद्याचे. आता तापमान मोजणारे हातातील इन्फ्रारेड यंत्र स्वस्त झाले आहे, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ते खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखविते. शेजारच्या काळ्या पडलेल्या बीडावर किंवा रंगाच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरून मोजावे.

बसविताना नवे गॅस्केट घ्यावे, आट्यांना तांब्याचे किंवा निकेलचे ग्रीस लावावे आणि शक्यतो पितळी नट वापरावेत. ते स्टडला धरून बसत नाहीत. मधल्या नटापासून सुरू करून बाहेरच्या बाजूला जात दोन-तीन फेऱ्यांत आवळावे. पहिल्यांदा पूर्ण तापून थंड झाल्यावर पुन्हा एकदा आवळावे, आणि त्यासाठी मालकाला आठवड्याने परत बोलवावे.

त्या भेटीत पावसाळ्याची गोष्टही त्याच्या कानावर घालावी. रोज पाच मिनिटे इंजिन चालू करण्याऐवजी पंधरा दिवसांतून एकदा, पाऊस उघडलेला पाहून, गाडी अर्धा-पाऊण तास चालवून आणावी. पाम बीच रस्त्याची एक फेरी पुरते. परत आल्यावर बॉनेट तासभर उघडे ठेवावे आणि गाडी पूर्ण थंड झाल्याखेरीज तिच्यावर कापड घालू नये. परदेशी जाणारा किंवा गाडी वर्षभर हलविणारच नाही असा मालक असेल, तर सायलेन्सरचे तोंड आणि कार्बुरेटरचे तोंड तेलकट चिंधीने बंद करून तसा कागद स्टिअरिंगला बांधून ठेवावा, म्हणजे चिंधी विसरून कोणी गाडी चालू करणार नाही.